दर रुपयामागचे पाणी आणि धरणातले पाणी

कंपन्यांचे शाश्वतता अहवाल दरवर्षी जाड होत आहेत आणि वित्त विषयातील संशोधनही पर्यावरणाकडे वळले आहे. मात्र निसर्गाची मर्यादा एकूण वापरावर असते आणि वित्ताचा हिशेब अजूनही दर रुपयामागे चालतो. या दोन मापांतील अंतर मिटत नाही तोवर दुष्काळाची किंमत बँकांना, भागधारकांना आणि ठेवीदारांना उशिरा, पण व्याजासह मोजावी लागणार आहे.

शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या आणि बाजारमूल्याच्या क्रमवारीत पहिल्या एक हजारात येणाऱ्या कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून 'व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल' सादर करणे सेबीने बंधनकारक केले. 'बीआरएसआर' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या अहवालात ऊर्जा, पाणी, हरितगृह वायू आणि कचरा यांची आकडेवारी द्यावी लागते. एकूण पाणीवापर किलोलिटरमध्ये सांगायचा असतोच. परंतु कंपनीची प्रगती म्हणून जो आकडा मिरवला जातो, तो बहुधा 'दर रुपया उलाढालीमागे किती पाणी' हा असतो.

या मापातील गोम साध्या उदाहरणावरून ध्यानात येते. एखाद्या कारखान्याची वार्षिक उलाढाल एक हजार कोटी रुपये आणि पाणीवापर दहा लाख किलोलिटर आहे, असे समजू. म्हणजे दर शंभर रुपयांमागे दहा लिटर पाणी. पाच वर्षांनी उलाढाल दोन हजार कोटींवर आणि पाणीवापर पंधरा लाख किलोलिटरवर गेला, तर दर शंभर रुपयांमागचे पाणी साडेसात लिटरवर येते. अहवालात पाण्याची कार्यक्षमता २५ टक्क्यांनी सुधारल्याचे छापले जाईल. ज्या धरणातून हे पाणी येते, तेथून होणारा उपसा मात्र ५० टक्क्यांनी वाढलेला असेल. शिवाय उलाढालीचा आकडा चालू किमतींत मोजला जात असल्याने निव्वळ भाववाढीनेही ही 'सुधारणा' काही अंशी साधते.

यात कोणा एका कंपनीची लबाडी नाही. दोष मापपट्टीचा आहे आणि ती मापपट्टी वित्तशास्त्राच्या सवयीतून आली आहे. नफा प्रति समभाग, परतावा प्रति रुपया भांडवल, कर्ज प्रति रुपया भागभांडवल अशा भागाकारांवरच या शास्त्राची उभारणी झाली. नदीचे खोरे, भूजल आणि वातावरण मात्र वजाबाकीचे गणित ओळखतात. जेवढे होते त्यातून जेवढे काढले तेवढे वजा होते. या दोन गणितांची सांधेजोड हा आज वित्त संशोधनापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी संबंध वाटतो त्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे.

दोन विद्याशाखा, दोन वाटा

आधुनिक वित्तशास्त्राचा पाया हॅरी मार्कोविट्झ यांच्या १९५२ मधील गुंतवणूक संचाविषयीच्या लेखाने घातला गेला, असे मानले जाते. जोखीम विभागून टाकण्याचे गणित त्यांनी मांडले. १९६४ मध्ये विल्यम शार्प यांनी जोखीम आणि परतावा यांचे नाते सूत्रबद्ध केले. १९७० मध्ये मिल्टन फ्रिडमन यांनी, कायद्याच्या आणि व्यवहारातील नीतीच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी, असा सिद्धान्त मांडला. पुढील अनेक दशके व्यवस्थापन महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांवर या विचारांची छाप राहिली.

याच काळात, १९७२ मध्ये, 'क्लब ऑफ रोम'साठी एमआयटीतील संशोधकांनी वाढीच्या मर्यादांविषयीचा बहुचर्चित अहवाल प्रसिद्ध केला. मर्यादित पृथ्वीवर अमर्याद वाढ शक्य आहे का, असा त्याचा प्रश्न होता. अर्थतज्ज्ञांनी त्यावर कडाडून टीका केली. एखादी वस्तू दुर्मीळ झाली की तिची किंमत वाढते, किंमत वाढली की पर्याय शोधला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. तांबे किंवा तेल यांच्या बाबतीत ते बरेचसे खरेही ठरले. पण ज्या गोष्टींना बाजारभावच नाही, त्यांच्या टंचाईची सूचना किमतीतून कशी मिळणार, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. भूजलाला बाजारभाव नाही, हवेला नाही आणि नदीच्या सांडपाणी पचवण्याच्या क्षमतेलाही नाही. परिणामी दोन्ही विद्याशाखा समांतर वाटांनी चालत राहिल्या. पर्यावरणाच्या अभ्यासकांनी ताळेबंद वाचला नाही आणि वित्ताच्या अभ्यासकांनी भूजलाची पातळी पाहिली नाही.

वटावाच्या दराची किमया

या दुराव्याचे एक तांत्रिक कारण भविष्यातील रकमेचे आजचे मूल्य काढण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. दहा वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज शंभर रुपयांइतके मोलाचे नसतात, म्हणून एका ठरावीक दराने त्यांचा वटाव केला जातो. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये हवामान बदलाच्या अर्थकारणाचा जो अहवाल सादर केला, त्यात हा दर सुमारे १.४ टक्के इतका अल्प धरला होता. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्याला आक्षेप घेतला आणि बाजारातील परताव्याशी सुसंगत, कितीतरी जास्त दराचा आग्रह धरला. हवामान बदलाची दीर्घकालीन आर्थिक विश्लेषणाशी सांगड घातल्याबद्दल नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा वाद शब्दच्छलाचा नव्हता. शंभर वर्षांनंतरच्या शंभर रुपयांच्या नुकसानीचे आजचे मूल्य १.४ टक्के दराने सुमारे २५ रुपये येते. पाच टक्के दराने तेच नुकसान ७६ पैशांवर येते. कंपन्या नव्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना याहूनही चढा दर लावतात. १२ टक्के दर धरला, तर अवघ्या तीस वर्षांनंतरचे शंभर रुपये आज ३ रुपये ३४ पैशांचे ठरतात. कारखान्याची यंत्रे, इमारती आणि कर्जाची मुदत पाहता तीस वर्षे हा काही फार दूरचा काळ नाही. तरीही तीस वर्षांनी कोरडे पडणारे धरण आजच्या हिशेबात जवळजवळ दिसेनासे होते.

बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी २९ सप्टेंबर २०१५ रोजी लंडनमध्ये 'लॉइड्स'च्या विमा व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचा गाभा हाच होता. हवामान बदलाचे परिणाम राजकारण, व्यवसाय आणि मध्यवर्ती बँका यांच्या नेहमीच्या क्षितिजापलीकडे असतात आणि ते क्षितिजाच्या आत येतील तेव्हा उपायांची वेळ निघून गेलेली असेल, असा इशारा त्यांनी दिला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृती गटाने २०१७ मध्ये हवामानविषयक आर्थिक जोखीम जाहीर करण्याची चौकट सुचवली. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाने तिच्या आधारे आपली पहिली दोन मानके प्रसिद्ध केली.

मर्यादेचा आकडा

निसर्गाच्या मर्यादेला आकड्याचे रूप देण्याचे काम दरम्यान शास्त्रज्ञांनी केले होते. स्वीडनमधील योहान रॉकस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात पृथ्वीच्या नऊ मर्यादांची मांडणी केली. हवामान, जैवविविधता, गोडे पाणी, जमिनीचा वापर, नत्र व स्फुरदाची चक्रे इत्यादींचा त्यात समावेश होता. तेव्हा तीन मर्यादा ओलांडल्या गेल्याचे सांगितले गेले. सप्टेंबर २०२३ मधील अभ्यासात ही संख्या सहा झाली. २०२५ मध्ये पॉट्सडॅम येथील हवामान संशोधन संस्थेच्या आढाव्यात महासागरांच्या आम्लीकरणाची सातवी भर पडली.

सर पार्थ दासगुप्ता यांनी ब्रिटिश अर्थखात्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये सादर केलेल्या जैवविविधतेच्या अर्थकारणावरील अहवालात हीच गोष्ट ताळेबंदाच्या भाषेत सांगितली. १९९२ ते २०१४ या काळात जगात माणशी उत्पादित भांडवल दुप्पट झाले, तर माणशी नैसर्गिक भांडवल सुमारे ४० टक्क्यांनी घटले. एखाद्या पेढीची एक मालमत्ता वाढत असताना दुसरी या वेगाने घटत असेल, तर लेखापरीक्षक शेरा मारल्याशिवाय राहणार नाही. येथे मात्र दुसऱ्या मालमत्तेचे खातेच उघडलेले नव्हते.

भागिले काय, हाच वाद

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वित्त संशोधनाने या विषयाकडे मोर्चा वळवला खरा, पण तेथेही मापाचा प्रश्न सुटलेला नाही. पॅट्रिक बोल्टन आणि मार्चिन काचपर्चिक यांनी २०२१ मध्ये अमेरिकी कंपन्यांविषयी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध या क्षेत्रात फार चर्चिला गेला. जास्त कार्बन उत्सर्जन करणाऱ्या कंपन्यांच्या समभागांवर गुंतवणूकदार जास्त परतावा मागतात, म्हणजेच बाजार ही जोखीम ओळखू लागला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विशेष म्हणजे हा संबंध एकूण उत्सर्जनाशी आणि त्यातील वाढीशी आढळला. उलाढालीच्या प्रमाणात मोजलेल्या उत्सर्जनाशी तो आढळला नाही.

जितेंद्र अस्वानी, अनीश रघुनंदन आणि शिवा राजगोपाल यांनी त्यानंतर यावर आक्षेप घेतला. एकूण उत्सर्जन हा आकडा बऱ्याच अंशी कंपनीच्या आकाराचेच प्रतिबिंब असतो. शिवाय अनेक कंपन्यांचे उत्सर्जन प्रत्यक्ष मोजलेले नसून माहिती पुरवणाऱ्या संस्थांनी विक्री वगैरे आकड्यांवरून अंदाजलेले असते. कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले आणि उलाढालीने भागलेले आकडे घेतले तर तो संबंध उरत नाही, असे त्यांनी दाखवले. मूळ लेखकांनी त्यालाही उत्तर दिले. वरकरणी तांत्रिक वाटणाऱ्या या वादाचा मथितार्थ सरळ आहे. बाजाराने पर्यावरणाची जोखीम ओळखली की नाही, याचे उत्तरच कशाने भागायचे यावर अवलंबून आहे.

शाश्वततेचे गुणांकन करणाऱ्या संस्थांची अवस्थाही याहून निराळी नाही. फ्लोरियन बर्ग, युलियन कोल्बेल आणि रॉबर्टो रिगोबॉन यांनी सहा गुणांकन संस्थांची तुलना केली, तेव्हा त्यांच्या गुणांमधील सहसंबंध सरासरी ०.५४ इतकाच भरला. कर्जफेडीच्या पतमानांकनात हाच सहसंबंध ०.९ च्या वर असतो. एकच कंपनी एका संस्थेच्या यादीत पुढारलेली आणि दुसऱ्या यादीत मागासलेली ठरत असेल, तर निवृत्तिवेतन निधीच्या व्यवस्थापकाने कोणावर विसंबावे, हा प्रश्न उरतोच.

वाळूज आणि लातूर

मर्यादा एकूण असते आणि ती विशिष्ट ठिकाणी असते, याचा धडा मराठवाड्याने २०१६ च्या उन्हाळ्यात घेतला. लागोपाठ दोन वर्षे पाऊस अपुरा झाल्याने जायकवाडी धरण मृतसाठ्यावर आले होते. वाळूज आणि परिसरातील औद्योगिक वसाहतींची तहान याच धरणावर भागते. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य व बिअर उद्योगांच्या पाण्यात प्रथम ५० आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांसाठी ही कपात आधी २० आणि नंतर २५ टक्के होती.

वित्ताच्या अभ्यासकासाठी या आदेशातील महत्त्वाची बाब अशी की, कपात उद्योगाच्या प्रकारानुसार सरसकट होती. कोणता कारखाना एक लिटर उत्पादनासाठी किती कमी पाणी वापरतो, याला त्यात स्थान नव्हते. अत्यंत कार्यक्षम कारखानाही त्याच धरणावर अवलंबून होता आणि धरणात पाणी नव्हते. दर रुपयामागचे पाणी हा निकष त्या कारखान्याची जोखीम सांगू शकत नव्हता. धरणातील साठा, त्यावर हक्क सांगणारे इतर घटक आणि पिण्याच्या पाण्याचा अग्रक्रम यांतूनच ती समजली असती.

त्याच महिन्यात मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल रोजी लातुरात पोहोचली. पहिल्या खेपेत दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी आले. कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी मांजरेच्या खोऱ्यातील शहराला रेल्वेने पुरवावे लागले, ही घटना देशभर गाजली. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न म्हणून तिची चर्चा झाली, आणि ते योग्यच होते. त्याच वेळी आजूबाजूच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या कर्जांच्या रूपाने बँकांचा पैसा गुंतलेला होता. त्या पैशाच्या सुरक्षिततेची चर्चा मात्र अपवादानेच झाली.

साखर, मालतारण आणि थकहमी

केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने ऊसदराविषयीच्या आपल्या अहवालात नमूद केल्याप्रमाणे, महाराष्ट्रात ऊस एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर घेतला जातो आणि सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी त्याला लागते. एक किलो साखरेमागे सरासरी १५०० ते २००० लिटर पाणी खर्च होते, असा नीती आयोगाच्या कृती गटाचा २०२० मधील अंदाज आहे. उसापासून बनवलेल्या एका लिटर इथेनॉलसाठी सुमारे २८६० लिटर पाणी लागते, असे आयोगाच्याच २०२१ मधील आराखड्यात म्हटले आहे.

या पाण्याचा कारखान्याच्या कर्जप्रकरणात उल्लेख कोठे येतो? साखर कारखान्याला खेळते भांडवल मिळते ते गोदामातील साखरेच्या तारणावर. साखरेचा भाव किती, साठा किती, मागील थकबाकी किती, गाळप क्षमता किती, हे पाहून मालतारण कर्ज ठरते. नवा प्रकल्प असेल तर जमीन, यंत्रसामग्री आणि अनेकदा राज्य सरकारची थकहमी जमेस धरली जाते. यंत्रसामग्रीची क्षमता दररोज पाच हजार टन असली, तरी कार्यक्षेत्रातील भूजल आणि कालवे किती वर्षे तेवढा ऊस पोसू शकतील, हा प्रश्न कर्जाच्या कागदांत मध्यवर्ती नसतो.

त्याची किंमत हंगामाच्या आकड्यांत दिसते. २०१४-१५ च्या हंगामात राज्यात सुमारे १०५ लाख टन साखर तयार झाली. २०१५-१६ मध्ये ती ८४ लाख टनांवर आणि २०१६-१७ मध्ये ४२ लाख टनांवर आली. दोन हंगामांत उत्पादन निम्म्याहून खाली आले, यंत्रे मात्र तेवढीच राहिली आणि त्यांवरील कर्जाचे व्याजही थांबले नाही. पावसाने ओढ दिली ते २०१४ आणि २०१५ मध्ये. ताळेबंदात तिचा पूर्ण परिणाम २०१६-१७ मध्ये उमटला. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी फक्त साखरेचा भाव पाहिला, त्यांना येणारे संकट दिसलेच नसेल. आणि थकहमी दिलेली असेल, तर हा बोजा शेवटी करदात्यांच्या खांद्यावर येतो.

इथेनॉलने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. २०१८ पासून केंद्राने व्याजसवलत देऊन आसवनी प्रकल्पांना प्रोत्साहन दिले. बँकांनी कर्जे दिली, कारखान्यांनी क्षमता वाढवली. २०२३ मध्ये पावसाने ओढ दिल्यावर साखरेच्या टंचाईची भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यास मनाई करण्यात आली. आठवडाभरात ती काही प्रमाणात शिथिल झाली आणि पुढील हंगामासाठी उठवलीही गेली. परंतु ज्यांचे हप्ते रसापासूनच्या इथेनॉलच्या उत्पन्नावर बेतलेले होते, त्यांना पावसाची तूट आणि धोरणाचा बदल या एकाच साखळीच्या दोन कड्या असल्याचे कळून चुकले.

गोव्यातील दोन कोटी टन

मर्यादा एकूण आकड्यात ठरवली तर काय होते, याचे उदाहरण गोव्यात सापडते. चीनच्या मागणीमुळे २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज निर्यात होत होते. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने बंदी उठली, पण तज्ज्ञ समितीच्या अंतरिम अहवालाच्या आधारे वर्षाला दोन कोटी टनांची कमाल मर्यादा घालण्यात आली. खनिज विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भाग भावी पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकण्याचे निर्देशही त्याच निकालात होते. त्याआधी २०१३ मध्ये कर्नाटकातील बेल्लारी, चित्रदुर्ग आणि तुमकूर जिल्ह्यांसाठी मिळून तीन कोटी टनांची मर्यादा ठरली होती. ती २०२२ मध्ये वाढवून पाच कोटी टन करण्यात आली.

हे आकडे योग्य होते की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण प्रति टन, प्रति रुपया, प्रति कामगार अशा कोणत्याही भागाकाराचा त्यात आधार नव्हता. रस्ते, नद्या, शेती आणि वस्ती मिळून एका वर्षात किती खाणकाम सोसू शकतात, हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर टनांत दिले गेले. मर्यादा उशिरा आल्याने तिचा फटका सर्वांत आधी बसला तो तेजीच्या काळात कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेल्यांना. त्यांचे हप्ते थकले आणि सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. कर्ज देताना खनिजाचा भाव पाहिला गेला होता. तेवढे खाणकाम किती काळ चालू दिले जाईल, हा प्रश्न बँकेच्या खिडकीवर कोणी विचारला नव्हता.

नियामक कोठवर आले

भारतातील नियमांची चौकट गेल्या दशकात निश्चितच पुढे सरकली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक जबाबदारीवर खर्च करणे आवश्यक केले. मात्र हा खर्च नफा झाल्यानंतरचा आहे. तो नफा कोणत्या नदीच्या आधारावर मिळवला, याचा विचार त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. 'बीआरएसआर'ने तो प्रश्न निदान अहवालात आणला. २०२३ मध्ये सेबीने त्यातील निवडक निकषांची त्रयस्थ पडताळणी मोठ्या कंपन्यांपासून टप्प्याटप्प्याने लागू केली.

तथापि दोन गोष्टी दुर्लक्षून चालणार नाहीत. पाणीटंचाईच्या क्षेत्रातून किती पाणी उचलले जाते, हा या सगळ्यातील कळीचा तपशील. अहवालाच्या नमुन्यात तो अनिवार्य भागात नाही, ऐच्छिक भागात आहे. पुरवठादार आणि ग्राहक यांच्या पातळीवरील उत्सर्जनाचेही तसेच. दुसरे म्हणजे, मार्च २०२५ मध्ये सेबीने उद्योगांच्या सोयीसाठी पडताळणीला 'मूल्यांकना'चा पर्याय दिला आणि पुरवठा साखळीची माहिती ऐच्छिक केली.

रिझर्व्ह बँक एप्रिल २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकांच्या हरित वित्तविषयक जागतिक गटात सामील झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामानविषयक आर्थिक जोखीम जाहीर करण्याच्या चौकटीचा मसुदा तिने प्रसिद्ध केला. त्यात व्यापारी बँका, सर्वांत मोठ्या श्रेणीतील नागरी सहकारी बँका, अखिल भारतीय वित्तीय संस्था आणि मोठ्या बिगर बँकिंग कंपन्या यांचा अंतर्भाव होता. सहकारी साखर कारखान्यांना प्रामुख्याने कर्ज देणाऱ्या राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका त्या यादीत नव्हत्या. सहकारी कारखाने शेअर बाजारात सूचिबद्ध नसल्याने 'बीआरएसआर'ही त्यांना लागू होत नाही. म्हणजे महाराष्ट्रात पाण्याची मर्यादा आणि कर्जाची जोखीम जेथे थेट एकमेकांना भिडतात, नेमका तोच भाग दोन्ही चौकटींच्या बाहेर राहतो.

आक्षेप आणि आवश्यकता

या मांडणीवर काही रास्त आक्षेप आहेत. एका खोऱ्यातील एकूण मर्यादेतून प्रत्येक कारखान्याचा वाटा कसा काढायचा? आधी आलेल्याला जास्त, की जास्त रोजगार देणाऱ्याला? हा निवाडा कंपनी करू शकत नाही, बँकही करू शकत नाही. तो लोकनियुक्त सरकारने आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणासारख्या संस्थांनीच करायचा आहे. ज्या देशात कोट्यवधी लोकांच्या मूलभूत गरजा अपुऱ्या आहेत, तेथे वाढीला लगाम घालणे अन्यायाचे आहे, हा युक्तिवादही हलक्याने झटकून टाकता येत नाही. उसाचे पीक लाखो शेतकऱ्यांना हमखास उत्पन्न देते आणि इतर पिकांना तशी शाश्वती नाही, हे वास्तव आहेच.

परंतु मर्यादेचे वाटप कठीण आहे म्हणून मर्यादा मोजूच नये, असे त्यातून निष्पन्न होत नाही. ज्या बँकेने कर्ज दिले आहे तिला निदान आपल्या कर्जदाराचा कारखाना कोणत्या खोऱ्यात आहे, त्या खोऱ्यात दुष्काळ किती वर्षांनी पडतो आणि पडला तर प्रथम पाणी कोणाचे तोडले जाईल, हे माहीत असले पाहिजे. यासाठी लागणारी बरीचशी माहिती राज्यात उपलब्ध आहे. धरणांतील साठ्याचे दैनंदिन आकडे जलसंपदा विभाग देतो, विहिरींच्या पातळीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठेवते, गाळपाची आकडेवारी साखर आयुक्तालयाकडे असते आणि कर्जाची बँकांकडे. या चार वह्या एका टेबलावर आणून उसाच्या कर्जाची थकबाकी आणि भूजलाची पातळी यांचे नाते तपासणे, हे विद्यापीठांतील वित्त विभागांना सहज हाती घेण्यासारखे काम आहे. त्यासाठी परदेशी कंपन्यांच्या उत्सर्जनाची विकतची माहिती लागणार नाही.

नियामकांच्या पातळीवरही पहिले पाऊल मोठे खर्चीक नाही. टंचाईग्रस्त क्षेत्रातून उचललेल्या पाण्याचा रकाना ऐच्छिक भागातून अनिवार्य भागात आणणे, कारखानानिहाय स्रोताचे नाव मागणे आणि जोखीम जाहीर करण्याच्या चौकटीत राज्य व जिल्हा सहकारी बँकांना आकारमानानुसार सामावून घेणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. थकहमी देताना पाण्याच्या उपलब्धतेचा दाखला मागणे तर राज्य सरकारच्याच हातात आहे.

जायकवाडी किंवा मांजरा पुढच्या पावसाळ्यात भरतील, आणि भरली की विषय मागे पडेल, हा आजवरचा अनुभव आहे. कर्जाची मुदत मात्र एका पावसाळ्यापुरती नसते. आज मंजूर होणाऱ्या दहा-पंधरा वर्षांच्या प्रकल्पकर्जाला त्या काळात एक-दोन तीव्र दुष्काळांना तोंड द्यावे लागेल, हे गृहीत धरणेच शहाणपणाचे आहे. ती शक्यता व्याजदरात, परतफेडीच्या वेळापत्रकात आणि प्रकल्पाच्या आकारात आजच धरली, तर तिचा भार कंपनी, बँक आणि सरकार यांच्यात विचारपूर्वक वाटता येईल. ती धरली नाही, तर थकलेले ऊसबिल, बुडालेले हप्ते आणि करदात्यांच्या पैशांतून भरलेली थकहमी या मार्गांनी ती वसूल होईल.